हिरव्या शेपटीचा घोडा

"केतकी, मेली गो तुझी साइट!"

दत्ताराम परब दारातूनच ओरडले आणि चपला न काढता आत आले. चपला घालून ते माझ्या घरात आले ते आयुष्यात तेवढे एकदाच.

मला ते आधीच कळलं होतं. रविवारची दुपार होती, लिलाव संपायला थोडाच वेळ उरला होता, आणि माझ्या लॅपटॉपवर नुसतं पांढरं पान आणि त्यात गरगरणारं चक्र दिसत होतं.

"मेली नाही काका. तिला कुणीतरी मारतंय."

"म्हणजे काय ता?"

"म्हणजे असं समजा, जत्रेत देवळाच्या दाराशी हजारभर माणसं येऊन उभी राहिली. दर्शन त्यांतल्या एकालाही घ्यायचं नाही. दार अडवायची सुपारी घेतलीय फक्त. मग खरा भक्त आत कसा शिरणार? तसं चाललंय. कुठली कुठली मशीन्स एकदम साइटवर येऊन धडकतायत."

परब काकांनी एक शिवी हासडली. ती मी इथे लिहीत नाही, पण अगदी योग्य वेळी हासडली होती.

या साइटचं नाव 'फडताळ'. पुण्यातली नोकरी सोडून मी कुडाळला परत आले तेव्हा आमच्या घरच्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. जुनी कुलपं, अडकित्ते, काडेपेट्यांवरची चित्रं, असल्या गोष्टी जमवणारे लोक महाराष्ट्रभर विखुरलेले असतात आणि घरोघरी त्यांना वेड्यातच काढतात. अशा वेड्यांना एकमेकांशी देवघेव करता यावी, लिलाव करता यावेत, म्हणून मी ती साइट बांधली. वेड्यांचा बाजार म्हटल्यावर मीही त्यातलीच, हे ओघानं आलं.

परब काका आमचे शेजारी आणि फडताळचे पहिले सभासद. ते कुलपं जमवतात. पण गावात त्यांची ओळख वेगळी. जत्रेनंतर देवाला आलेले नारळ, फणस, केळीचे घड यांचा देवळात लिलाव होतो. चाळीस वर्षं तो लिलाव परब काकाच पुकारत आले होते. त्यांचा आवाज एकदा सुटला की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागतात.

सभासद होताना त्यांनी मला एक अट घातली होती.

"लिलाव घड्याळ बंद करूचा नाय. लिलाव माणूस बंद करता. एकवार, दोनवार, तीनवार बोलूचा लागता. त्याशिवाय नारळ कोणाच्या बापाचो नाय."

मी खूप हसले. जगभरच्या साइट्सवर वेळ संपली की लिलाव आपोआप मिटतो, हे त्यांना तासभर समजावलं. पण परब काकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांची समजूत काढायला मी त्यांच्या मोबाइलवर एक बटण करून दिलं. त्यावर लिहिलं 'तीनवार'. घड्याळ शून्यावर आलं की काका ते बटण दाबायचे, मगच लिलाव मिटायचा. साइटच्या नियमांतही तसं घातलं. नियम अर्थात कुणीच वाचत नाही. आणि काका इतके वक्तशीर, की बाहेरच्याला वाटावं सगळं आपोआपच होतंय.

त्या रविवारी लिलावात होतं एक गोल पान. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांमधलं. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले, लाखेची चकाकी दिलेले गोल पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यांत एक राजा आणि एक घोड्यावर बसलेला प्रधान. हे पान वराह अवताराचा प्रधान होतं. इंदूरच्या एका बाईंना जुन्या सामानात ते सापडलं आणि त्यांनी फोटो काढून फडताळवर टाकला.

फोटो टाकला त्याच दिवशी मला सावंतवाडीहून फोन आला.

"केतकी, त्या घोड्याची शेपटी बघितलंस?" सुनंदाबाईंनी एका दमात विचारलं. "हिरवी आसा मां?"

मी फोटो मोठा करून पाहिला. पांढरा घोडा आणि त्याची शेपटी पोपटी हिरवी.

सुनंदाबाई चितारी म्हणजे चित्रकारांच्या घराण्यातल्या. सत्तरी उलटलेली, पण लाकडी फळांवर रंगाचा हात फिरवायला लागल्या की अजून बघत बसावं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडलांनी घरासाठी म्हणून गंजिफांचा एक पुरा जोड रंगवला. शेवटी शेवटी पांढरा रंग संपला. नवा आणायला पैसे नव्हते, म्हणून वडलांनी दहाही घोड्यांच्या शेपट्या हिरव्या करून टाकल्या. चितारआळीत त्यावरून त्यांची पुष्कळ टिंगल झाली. जगात हिरव्या शेपटीचे घोडे तेवढे दहाच. मग एकदा कुणी पाहुणा आला आणि मुंबईतल्या साहेबाला नमुना दाखवतो म्हणून त्यातलं एक पान घेऊन गेला. तो गेला तो गेलाच.

वडलांना ते पान पुन्हा रंगवणं काय अवघड होतं? एका दुपारचं काम. पण त्यांनी रंगवलं नाही. बिस्किटाच्या खोक्याचा एक गोल कापला, त्यावर कोळशानं 'वराह' लिहिलं आणि पोरांना सांगितलं, याच्यावर खेळा. "नवीन केलंय तर त्याका वाटात, आपली जागा भरली. घोडो वाट विसरणा नाय. परत येतलो." ते गेले, भाऊ गेले. सुनंदाबाई त्या पुठ्ठ्यासकट तो जोड सांभाळत राहिल्या.

पानाचा फोटो साइटवर आला त्याच सुमाराला अनिरुद्ध कारखानीस नावाचे एक गृहस्थ त्यांच्या घरी येऊन गेले होते. मुंबईचे जुन्या वस्तूंचे व्यापारी, कपडे परीटघडीचे. उरलेली सगळी पानं विकत मागत होते. सुनंदाबाई नाही म्हणाल्या. तेव्हा ते हसून म्हणाले, "ते एक पान माझ्याकडे आलं, की तुम्हीच माझ्याकडे याल, बाई."

एवढं सगळं त्या गोल पानावर येऊन थांबलं होतं. पान मिळालं तर घराचा जोड पुरा होणार होता. नाही मिळालं तर सुनंदाबाईंचं उरलेलं आयुष्य त्या माणसाच्या निरोपाला भिण्यात जाणार होतं. त्यांनी पंचवीस हजारांची तयारी केली. त्यांच्या दृष्टीनं ती रक्कम फार होती.

संग्राहकांची एक जुनी खोड असते. शेवटच्या घटकेपर्यंत गप्प बसायचं. आधीच बोली लावली तर भाव उगाच चढतो. मीही त्यांना तेच सांगितलं होतं, शेवटी शेवटी पंचवीस टाका. त्यामुळे घड्याळ संपत आलं तेव्हा साइटवर सगळ्यात वरची बोली होती एकवीस हजारांची, 'राजहंस' नावाच्या कुणाची. आणि नेमक्या त्याच वेळी साइट आडवी झाली.

चार वाजले. घड्याळ संपलं. तेवढ्यात राजहंसची मेल आली. मी काकांना वाचून दाखवली.

"'वेळ संपताना सर्वांत वरची बोली माझी होती. साइट बंद पडणे हा माझा दोष नाही. पान माझे झाले. कृपया पाठवण्याची व्यवस्था करावी.'"

मला रडू फुटायचंच बाकी होतं. सुनंदाबाईंना काय तोंड दाखवू? काका मात्र खुर्चीत बसून चष्मा पुसत होते.

"त्याका लिही," ते म्हणाले, "मी अजून तीनवार बोलूक नाय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"बघतंस काय? बटण माझ्या मोबाइलात आसा. मी दाबलंय काय? नाय दाबूक. मगे लिलाव मिटलो कसो?"

त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. ज्या बटणाला मी वर्षभर हसत होते, त्यानंच लिलाव उघडा ठेवला होता. आणि साइट बंद असताना ते बटण दाबताही येत नव्हतं. ज्यानं दार अडवलं होतं त्यानंच दार लागायचंही अडवलं होतं!

"पण काका, साइट तर बंद आहे. बोली लावणार कशी?"

"तोंडान," काका म्हणाले. "साइट नव्हती तेव्हा काय लोक मुके होते?"

इंदूरच्या बाईंना मी फोन लावला. त्या म्हणाल्या, तुमचा नियम आहे तर तसंच करा, आणि लिलाव ऐकायला मिळणार म्हणून खूशही झाल्या. मग मी आमच्या सभासदांच्या ग्रुपवर कळवलं, की वराहाच्या प्रधानाचा लिलाव आत्ता फोनवर पुरा होतोय, या सगळे. राजहंसलाही मेल केली. करावीच लागणार होती. लिलाव सगळ्यांचा असतो.

बघता बघता लोक जमले. पुण्याचे डॉक्टर गोरे, ते दौती जमवतात. बेळगावच्या अडकित्तेवाल्या बाई. अकोल्याचे काडेपेट्यांचे गुरुजी. सुनंदाबाई आणि इंदूरच्या बाई तर होत्याच, आणखीही बरेच. फोन टेबलावर ठेवून मी आवाज मोठा केला. काका उठून उभे राहिले. बसून लिलाव पुकारायची त्यांना सवय नव्हती.

"ऐका हो मंडळी!" त्यांनी आवाज सोडला आणि भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "वराहाचो प्रधान, एकवीस हजार, राजहंस! राजहंस खंय आसा? नाव आणि गाव सांगा. पाखराची बोली आमच्या देवळात घेणत नाय."

फोनवर घसा खाकरल्याचा आवाज.

"अनिरुद्ध कारखानीस. मुंबई."

"बाई गे!" सुनंदाबाई फोनवरच म्हणाल्या. "हेच ते. माझ्या घराक इल्ले."

"मी इथे आलो तो केवळ सौजन्य म्हणून," कारखानीस म्हणाले. "हा पोरखेळ आहे. वेळ संपली, पान माझं झालं. तुम्हाला शंका असेल तर साइट सुरू झाल्यावर बघून घ्या. पाच वाजता सुरू होईलच ती."

"कारखानीस," डॉक्टर गोरे अगदी हळू, पुणेरी गोडव्यानं म्हणाले, "साइट पाच वाजता सुरू होणार, हे केतकीलाही माहीत नाही. तुम्हाला कसं हो माहीत?"

असले हल्ले तासाच्या हिशोबानं भाड्यानं मिळतात, हे मला ठाऊक होतं. बाकीच्यांना ते तेव्हा कळलं. फोनवर एकच गलका झाला. अकोल्याचे गुरुजी पोलिसांत जायचं म्हणत होते. बेळगावच्या बाई कानडीत काहीतरी म्हणाल्या, ते न कळताही झोंबलं. कारखानीस म्हणत राहिले, अंदाज होता माझा, नुसता अंदाज.

"ह्याला काढा लिलावातून!" मीही ओरडले. माझं डोकं तर कधीचंच फिरलं होतं.

"गप!" काकांनी टेबलावर थाप मारली. "पोलिसांचा काय ता उद्या बघूया. बोली बोलूक आमी कोणाक आडवणत नाय. उद्या तो सांगतलो, माका आडवून पान घेतलास. त्याका बोलांदे. एकवीस हजार कारखानीस! वर कोण?"

"पंचवीस," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या त्या एका शब्दात किती महिन्यांची काटकसर होती, ते मला माहीत होतं.

"चाळीस," कारखानीस म्हणाले.

संपलं. राग चढला की माणूस पैशाकडे बघत नाही, आणि कारखानीसांना आता राग चढला होता. मी काकांकडे बघितलं. त्यांनीच बोलू दिलं होतं ना त्याला! मला त्यांचाही राग आला.

"चाळीस हजार एकवार," काका सावकाश म्हणाले. मग थांबले. आणि देवळात विचारतात त्या सुरात त्यांनी विचारलं, "वाडीची बोली आसा काय?"

कुणाला काही कळलं नाही. मला मात्र कळलं.

आमच्या देवळात एक रीत आहे. देवाचा मानाचा नारळ कुणी बाहेरचा पैसेवाला घेऊन जायला लागला, की पुकारणारा थांबतो आणि विचारतो, वाडीची बोली आहे का? मग एकट्याला न झेपणारी बोली सगळी वाडी, म्हणजे सगळी वस्ती, मिळून लावते. कुणी किती घालायचे ते मागाहून ठरतं. नारळ गावातच राहतो.

"वाडी म्हणजे?" डॉक्टर गोऱ्यांनी विचारलं.

मी भडाभडा सांगून टाकलं. वाडी म्हणजे काय, नारळ म्हणजे काय, आणि हिरव्या शेपटीचा घोडा घरी जायला साठ वर्षं का थांबलाय.

"साइटवर असं चालतं का?" गुरुजींनी शंका काढली. गुरुजीच ते.

"साइटवर चालत नाही," मी म्हणाले. "तिथे एक नाव, एक बोली. पण साइट बंद आहे ना!"

"मग आहे," डॉक्टर गोरे म्हणाले. "वाडीची बोली आहे. मी वाडीत."

"मीपण हाय बघा वाडीत," बेळगावच्या बाई म्हणाल्या.

"अकोला वाडीत," गुरुजी म्हणाले, आणि मग नावांची नुसती रीघ लागली. नाशिक, मिरज, लातूर, चंद्रपूर. बाई, वाडी केवढी ही!

"वाडी पंचेचाळीस!" काका गरजले.

"पन्नास," कारखानीस.

"वाडी पंचावन्न!"

"साठ." या वेळी आवाज जरा उशिरानं आला.

"वाडी पासष्ट! साहेबांनू, एका माणसाचो खिसो आटता. वाडी आटणा नाय. बोला!"

आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. फोनमधून कुठल्यातरी पंख्याची घरघर येत होती, बहुधा मुंबईचीच.

"पासष्ट हजार वाडी, एकवार!"

काही नाही.

"दोनवार!"

"माझ्यामुळे भाव वाढला म्हणून त्या विकणाऱ्या बाईंनी माझे आभार मानावेत," कारखानीस म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"मानते हो!" इंदूरच्या बाई म्हणाल्या, आणि सगळे खो खो हसले.

"आणि तीऽऽनवार!"

नदीपलीकडची कुत्री भुंकली. मी काकांच्या गळ्यात पडले. फोनवर टाळ्या, ओरडा, कुणीतरी घरातली थाळी वाजवत होतं. "बाई, ऐकलंत ना?" मी सुनंदाबाईंना विचारलं.

"ऐकलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाशीक सांगतंय. जरा थांब."

ठीक पाचच्या ठोक्याला साइट जिवंत झाली. पडद्यावर अजून राजहंसाची बोली वर बसली होती. मी वाडीची बोली भरली आणि काकांनी चष्मा लावून, बोट फुंकून, ते बटण दाबलं.

पुढे तक्रार वगैरे झाली. कारखानीसांना कुठल्याच संग्राहकानं पुन्हा दारात उभं केलं नाही. पण मला इतक्या वर्षांनी आठवतं ते वेगळंच. त्या रात्री डॉक्टर गोऱ्यांचा मला फोन आला होता. ते पान वेगवेगळ्या बाजूंनी बघायला मिळावं म्हणून त्यांनी साइटवर बरेच प्रश्न विचारले होते. गोऱ्यांचा तर्क असा, की त्यावरून कारखानीसांना वाटलं, हा पुण्याचा डॉक्टर शेवटच्या घटकेला मोठी बोली लावणार. त्या धास्तीनं त्यांनी साइट पाडली.

"आणि मी बोली लावणारच नव्हतो हो," गोरे म्हणाले. "मी दौतीवाला. मला त्या हिरव्या शेपटीचं नवल वाटलं, एवढंच."

म्हणजे कारखानीस नुसते स्वस्थ बसले असते, तर साइटवर सुनंदाबाईंच्या पंचवीसवर तीस टाकून मुकाट्यानं जिंकले असते. तिथे वाडी नव्हती. वाडी त्यांनीच आम्हाला मिळवून दिली.

पान सावंतवाडीला पोचलं तेव्हा काका आणि मी गेलो. सुनंदाबाईंनी वराहाचा प्रधान हातात घेतला, शेपटीवरून बोट फिरवलं आणि पुठ्ठ्याचा गोल बाजूला काढून वडलांच्या तसबिरीसमोर ठेवला. मग चटईवर सगळी पानं पसरली, पिसली, आम्हा तिघांत वाटली. गंजिफांची रीत अशी, की रात्री डाव मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो सुरुवात करतो, आणि दिवसा रामाचा. त्या जोडाचा पुरा डाव साठ वर्षांत कुणी मांडला नव्हता.

सुनंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले, हातातली पानं पंख्यासारखी उघडली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "दिवसाचो डाव हा. राम कोणाकडे आसा?"